शाळा कुणाच्या हाती

८ एप्रिल
शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांनी थांबवून घेतलं. आमची शाळा जिल्हा परिषदेकडून नगरपरिषदेकडे द्यायचं घाटतंय. त्याआधी पालकांचं मत हवं. भिसेगावातली घरं माझ्या वाट्याला — आणि ऊन हे असं!

११ एप्रिल
बारा घरं झाली. निम्मे म्हणतात, बरंच होईल, नळ फुटला तरी अलिबागला जिल्हा परिषदेत कोण सांगायला जाणार? निम्म्यांना धास्ती — उद्या पट कमी म्हणून शाळा दुसरीकडे जोडली तर? पोरांनी रूळ ओलांडायचे?

आजचं शेवटचं घर सोनुबाईंचं. त्यांची नात सुरभी माझ्याच वर्गात. ताक दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग सहज विचारलं, "बाई, तुमची पोर कंच्या शाळंत हाय?"

खरं तेच सांगितलं — इंग्रजी शाळेत. व्हॅनने जाते. त्यांनी माझ्या पेल्यात आणखी ताक ओतलं. मी ते तसंच ठेवून उठले.

१२ एप्रिल
आज कुणाकडेच गेले नाही.

१९ एप्रिल
सगळी घरं झाली! आज अक्षदालाही नेलं होतं. सुरभीबरोबर अशी रमली की लेक निघायलाच तयार नाही.

२६ एप्रिल
जनसुनावणी. खुर्च्या पंचवीस, माणसं दीडशे! आम्ही बाया सतरंजीवर. अधिकाऱ्यांना नुसतं हो की नाही हवं होतं. मागून सोनुबाई उठल्या. पदर खोचून म्हणाल्या, "शाळा कुणाकडंबी द्या. पण आमाला इचारल्याबिगर ती हलवायची नाय. तेवढं लिवून द्या."

टाळ्या — थांबेचनात. अधिकाऱ्यांनी खरंच लिहून घेतलं, वर वाचून दाखवलं: पालक समितीच्या संमतीशिवाय शाळा हलणार नाही.

येताना जिलेबी घेतली. घरी पोचेपर्यंत निम्मी मीच संपवली.

३ मे
रुपेशला सांगितलं, अक्षदाचा दाखला काढते. वाटलं, नवरा आता वाद घालणार. तर म्हणे, "तीच आठवडाभर माझ्या मागे लागलीय!" जूनपासून माझ्या वर्गात. तिचा एकच प्रश्न — शाळेत आई म्हणायचं की बाई?

१४ जून
शाळा नगरपरिषदेकडे गेली. मी मात्र जिल्हा परिषदेचीच — बदली साजगावला. अक्षदा इथेच, सुरभीशेजारी. सोमवारी समितीची बैठक. सोनुबाईंनी माझं नाव दिलंय — पालक म्हणून.