मधल्या दाराच्या दोन केबिन

४ ऑगस्ट, सोमवार

डॉक्टरांनी आज सरोजिनीला विचारलं — काय करावंसं वाटतं? सहा महिने झाले, दर वेळी हाच प्रश्न अन् दर वेळी हिची मान खाली. आज म्हणाली, "जहाजात बसायचं आहे. मोठ्या."

मी चाट! डॉक्टरही पेन थांबवून पाहत राहिले.

येताना ऑटोत विचारलं, जहाज कुठून आलं मनात? "टीव्हीवर पाहिलं." एवढंच.

एकसष्ट वर्षांची झाली, समुद्र पाहिला नाही. मी रेल्वेत एकतीस वर्षं. पास होते. नाही नेलं.

५ ऑगस्ट

यामिनीला हैदराबादला फोन केला. पोट्टी एकदम खूश! इकडं हिंदीत वाढली, आमच्याशीही हिंदीच बोलते. "बाबा, आप टेंशन मत लो, मैं सब देखती हूँ." संध्याकाळपर्यंत मोबाइलवर जहाजाचे नकाशेसुद्धा आले. मुंबईहून निघून लक्षद्वीप, पाचव्या दिवशी परत. नोव्हेंबरात. केबिन तीन प्रकारच्या — आतली, खिडकीची, बाल्कनीची.

बाल्कनीची. ते चित्र पटकन पुढे सरकवलं.

६ ऑगस्ट

दिवसभर नकाशे. ड्रॉइंग ऑफिसात जन्म गेला, तरी इतक्या बारकाईनं कोणता पूल पाहिला नसेल.

आतली — दीडशे चौरस फूट. खिडकी नाही. पडदा लावलाय, पडद्यामागे भिंत. सरोजिनीचा जीव गुदमरतो बंद खोलीत. रद्द.

खिडकीची — दहा-बारा फूट जास्त. काच पक्की बसवलेली, उघडतच नाही. पलंगावरून समुद्र दिसेल.

बाल्कनीची — दोनशेच्या वर, सोफा वगैरे. काचेचं सरकतं दार. कडी आतून. आतून! म्हणजे कोणीही, केव्हाही.

खिडकीची घ्यायची. ठरलं.

७ ऑगस्ट

काही ठरलं नाही. यामिनी म्हणते, ती आणि अनिमेष दोघंही येणार. चांगलं आहे, या. पण तिला दोन केबिन बाजूबाजूच्या पाहिजेत, मधे दार असलेल्या. म्हणजे एकीतून दुसरीत जाता येतं. तशा जोड्या ह्या जहाजावर फक्त बाल्कनीच्या मजल्यावर आहेत.

म्हटलं, मधलं दार कायले पाहिजे तुले? आम्ही काय लहान पोरं आहोत?

"बस, चाहिए."

मागून जावईबापू — "पापाजी, बालकनी के बिना क्रूज का मतलब क्या?" हसत होते बिचारे. त्यांना काय माहीत.

म्हटलं, खिडकीचीच. फोन ठेवला.

१० ऑगस्ट, रविवार

ह्या वहीत अकरा फेब्रुवारीचं पान कोरं आहे. आज उघडून पाहिलं.

त्या दिवशी सकाळी मी इथल्या तेलीबांधा तलावाला फेरी मारायला गेलो होतो, रोजच्यासारखा. एक चक्कर कमी मारली कारण चप्पल चावत होती. म्हणून वेळेवर पोचलो. चप्पल चावली नसती तर —

सरोजिनीनं जीव द्यायचा प्रयत्न केला. लिहिलं एकदाचं.

काहून केलं? भांडण नाही, तंटा नाही. तिला स्वतःलाही सांगता येत नाही. "थकली होती" म्हणते.

यामिनीला सांगितलं, बीपी वाढून चक्कर आली. नागपूरच्या नातेवाइकांनाही तेच. पोरीला त्रास नको, अशी मनाची समजूत घातली. खोटं. लाज वाटली. तीसेक वर्षं संसार करून बायकोला मरावंसं वाटलं, हे कोणत्या तोंडानं सांगू?

मग गॅलरीला जाळी लावून घेतली. कबुतरांसाठी, म्हणालो.

१२ ऑगस्ट

भाजी आणायला गेलेली सरोजिनी वीस मिनिटांत वर आली नाही. चार मजले धावत उतरलो. वॉचमनच्या बायकोशी गप्पा करत उभी होती. म्हणाली, "अहो, तुम्ही अनवाणी?"

१४ ऑगस्ट

यामिनी ऐकत नाही. समजा बाल्कनीचीच घ्यावी लागली तर? एकास वीसच्या मापानं दोन कागदांवर केबिन काढली. ह्या जहाजात दोन तऱ्हा आहेत. एकीत पलंग बाल्कनीला लागून, सोफा बाथरूमकडे. दुसरीत उलट. पहिली बरी. पलंगाच्या दाराकडच्या बाजूला मी झोपलो तर तिला माझ्यावरूनच जावं लागेल. दुसरीत सोफा दारासमोर ओढता येतो का पाहिलं. जमिनीत ठोकलेला दिसतो.

दोन्ही कागदांवर आमच्या जागा मांडल्या. ती 'स'. मी फुली.

१५ ऑगस्ट

तिला कागद सापडले. चष्मा लावून खिडकीजवळ उभी राहून पाहत होती.

"हे जहाजातलं आहे का?"

हो म्हटलं.

"'स' म्हणजे मी?"

"हो."

बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "मी इकडं झोपली तरी तुम्ही दाराजवळ. तिकडं झोपली तरी तुम्ही दाराजवळ."

मी कागद घ्यायला हात पुढे केला. तिनं दिले नाहीत.

"कबुतरं ह्या बिल्डिंगमध्ये कधी नव्हतीच हो." रागानं नाही. अगदी हळू. मग — "तुम्ही झोपता तरी कधी?"

कागद तिनं होत्या त्याच घड्यांवर मोडून टेबलावर ठेवले.

"राहू द्या. नाही जायचं मले जहाजात."

सहा महिन्यांत एक गोष्ट मागितली तिनं. एक! आणि मी तिला त्यातही पहारा काढून दाखवला.

१६ ऑगस्ट

जन्माष्टमी. देवापुढे साधा दिवा नाही. सरोजिनी भिंतीकडे तोंड करून पडून आहे. सकाळचा वरणभात तसाच झाकलेला.

१७ ऑगस्ट

यामिनीचा फोन. मधल्या दाराच्या दोनच जोड्या शिल्लक आहेत, आजच्या आज सांगा. म्हटलं, आई नाही म्हणते, आता राहू दे.

"आई नहीं, आप नहीं जाने दे रहे! एक खिड़की के पीछे पड़े हो! आपको उसकी परवाह है भी?"

मी पण ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. फोन कापला. मग पाहिलं तर सरोजिनी दारात उभी. सगळं ऐकलं असेल. परत आत गेली.

जेवली नाही. मीही नाही.

१८ ऑगस्ट

डॉक्टरांना एकटाच भेटून आलो. म्हणाले, किती दिवस एकटे पहारा देणार? मुलीला सांगा. म्हटलं, ती कोलमडेल. ते म्हणाले, "तुम्ही कोलमडून राहिले, त्याचं काय?"

उद्या सांगतो.

१९ ऑगस्ट

सांगितलं. सगळं. अकरा तारीख, चप्पल, जाळी, खिडकी. यामिनी किंचाळेल वाटलं होतं. हळूच म्हणाली, "बीपी नव्हतं हे मले माहीत होतं, बाबा. गॅलरीचं नव्हतं माहीत. त्या सकाळी आईनं मले दोनदा फोन केला. मी नाव पाहिलं. रोजचंच रडणं असेल म्हणून फोन उलटा ठेवला अन् झोपली." मग रडत — "मधलं दार त्याच्यासाठी पाहिजे. तिनं नुसता आवाज दिला तरी मले आला पाहिजे."

मी आत गेलो. सरोजिनी भिंतीकडे तोंड करून. फोन तिच्या कानाशी धरला. म्हटलं, यामिनी आहे, ऐक.

थोड्या वेळानं तिनं हात वर केला आणि फोन माझ्याकडून घेतला.