चाळीस वर्षांचा आल्टो

३ फेब्रुवारी, मंगळवार
आजपासून रोजनिशी. मी सांगणार, सून पिंकी लिहिणार, कारण अक्षरांशी माझी ओळख नाही. वाचायची कुणी नाही. पिंकीनंसुद्धा नाही, तिनं नुसतं लिहायचं.

चर्चच्या क्वायरमध्ये चाळीस वर्षं आल्टो गाते, म्हणजे बायकांतला खालचा आवाज. हातात कागद धरला नाही कधी. कान बस्स. आता ऋतुराजसर आलेत, पुण्याहून हार्मनी शिकून. बावीस तारखेला कापणीचा सण, त्याला दरवर्षीचंच गीत, यंदा नीट चार आवाजांत. सर म्हणाले, ज्यांचा आवाज आपल्या ओळीत राहणार नाही त्यांनी यंदा बाकावर बसून ऐकायचं. माझ्याकडं बघून म्हणाले. माझ्या मागं बेसवाला, सगळ्यात खालच्या आवाजाचा धुळाप्पा बसतो, त्याला असेल.

५ फेब्रुवारी, दुपारी
सरांनी शेवटची ओळ फोडून दाखवली. सूर तीन, आवाज चार. म्हणजे एक सूर दोघांना द्यायचा. कुठला, त्यातच सगळी अक्कल. पण शेवटच्या 'सा'आधीचा 'नी' दोघांना कधीच नाही. तो एकट्या सोप्रानोचा, बायकांतल्या वरच्या आवाजाचा. सोप्रानो म्हणजे पिंकी. मी 'प' धरायचा आणि पुढंही 'प'च. जवळ आहे तिथंच राहायचं, उड्या नाहीत. म्हणजे सून चढून 'सा'वर जाणार आणि सासू स्टॉपवर उभी.
लिही गं, हसू नको.

१० फेब्रुवारी
निश्चय: फक्त 'प'. भाकरी थापताना 'प', पाणी भरताना 'प'. शेजारच्या झीनतनं भिंतीपलीकडून विचारलं, मोटर बंद करायची राहिली का. म्हणजे सूर सरळ लागतोय.

संध्याकाळी
तालमीत 'नी' निघाला. मी काढला नाही, तो निघाला. आल्टोतल्या दोघी नर्सबाई माझ्याच कानानं गातात, त्याही आल्या मागून. सरांनी थांबवलं. आल्टो आणि सोप्रानो दोन्ही 'नी'वर, तिथून मिळून 'सा'वर, मग दोन आवाजांचा एकच होतो, चारातले तीन उरतात, असं म्हणाले. चौथा कुठं गेला, मला विचारलं. मी म्हटलं, पिंकीला विचारा की.

१७ फेब्रुवारी
युक्ती. 'नी' मीच जरा आधी आणि लई मोठ्यानं घ्यायचा. पिंकी लाजून 'प'वर उतरेल. 'नी' एकटीचाच राहील, सरांचा नियमही राहील.

रात्री
पिंकी उतरली नाही. धुळाप्पा ओळच विसरला. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि हळू म्हणाले, "आजी, रविवारी शेवटच्या ओळीला नुसतं तोंड उघडा. आवाज नको." असलं अवघड काम दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. बाकावर बसण्यापेक्षा बरं.

२२ फेब्रुवारी, रविवार
तोंड उघडलं. आवाज दिला नाही. नर्सबाईंनी 'प' धरला, हलल्या नाहीत. पिंकीचा 'नी' वर एकटाच थरथरला आणि अलगद 'सा'वर टेकला. खाली धुळाप्पा जमिनीसारखा. चाळीस वर्षांत ही ओळ मी ऐकलीच नव्हती, गातच होते.

दारात पाळक पिंकीला म्हणाले, "आज फार गोड झालं. आजी आल्या नव्हत्या वाटतं?"
मी तिच्या शेजारीच उभी होते, ज्वारीची पेंढी धरून.
पिंकी म्हणाली, "ह्या काय, आल्यात की. शेवटची ओळ आईंनीच सांभाळली."

हे वाक्य मोठ्ठ्या अक्षरात लिही म्हटलं. वाचता येत नसलं तरी कुठं आहे ते मला दिसलं पाहिजे.