उजवी बाजू

प्रिय बाबा,

नदीवरच्या वाटाड्याची परीक्षा पास झाले. आता पुढचं सावकाश वाच. शेवटी तुला एक विचारायचंय, आणि तुझं उत्तर काय येईल याची मला परीक्षेपेक्षा जास्त धाकधूक आहे. फोनवर ते जमलं नसतं. फोनवर तू नदीला पाणी किती आहे तेवढं विचारतोस आणि फोन आईकडे देतोस.

पाणी भरपूर होतं. डोंगरावरचं उरलंसुरलं बर्फ उतरून स्पे नदी तुझ्या कडक चहासारखी तपकिरी झाली होती. परीक्षेआधी मी होडीच्या गाठी इतक्यांदा तपासल्या की डूगल म्हणाला, "मॉरव्हेन, त्या दोरीला जरा श्वास घेऊ दे गं." डूगल माझ्याबरोबर शिकत होता. आधी ग्लासगोत बस चालवायचा. म्हणतो, होडीत निदान मागच्या सीटवर कुणी चिप्स सांडत नाही.

पहिल्या दिवशी माझं जे हसं झालं ते मात्र तुला सांगितलंच नव्हतं. आमची प्रशिक्षक शोना, तिचा आवाज समोरच्या काठाला जाऊन परत येतो. माझं वल्हवणं बघून ती म्हणाली, "छान हात आहे. कुणी शिकवलं?" मी ऐटीत सांगितलं, बाबांनी, घरच्या तळ्यावर. "बरं, आता बाजू बदल." आणि बाबा, मला ते येईचना. होडी जागच्या जागी गोल गोल फिरायला लागली. "पोरी, थांब, त्या बदकांना चक्कर येईल," शोना काठावरून ओरडली. "तुझ्या बाबांनी अर्धीच नदी शिकवली की काय?" मला तुझ्या वतीने राग आला. मी म्हणाले, माझे बाबा कधीच बाजू बदलत नाहीत. ती म्हणाली, "का?" आपल्या होडीत ठरलेलंच होतं: तू मागे, उजवीकडे. मी पुढे, डावीकडे. मला वाटायचं, होडीचा नियमच तो.

मग सगळा वसंत मी उजवी बाजू शिकले. दंड दुखले, चिलटांनी मान फोडून काढली, पण मजा आली. आणि एक गोष्ट हातांना कळली. डावीकडून वल्हवताना वल्ह्याची वरची मूठ धरलेला उजवा हात पार कपाळापर्यंत उचलावा लागतो. उजवीकडून वल्हवलं तर तो खालीच राहतो.

परीक्षेत शोना माझ्या होडीत प्रवासी म्हणून पुढे बसली. ऐन खळाळात तिने वल्हं मांडीवर ठेवलं, उजवा खांदा धरला आणि कोपर पोटाशी घेतलं. "माझा खांदा गेला. आता काय करशील?" ती नाटक करत होती. पण तसं कोपर पोटाशी धरून बसणं माझ्या ओळखीचं होतं, तुझं. वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा तू मलाच काढायला लावायचास, "बघू, उंच झालीस का" म्हणत. होडी गाडीच्या टपावर चढवताना वरचं टोक नेहमी आईकडे असायचं. आणि मग एका उन्हाळ्यात, होडी गळते असं सांगून तू ती शेडमागे पालथी घातलीस.

समोर दगड आला. मी वल्हं उजवीकडे घेतलं आणि वळसा घालून होडी शांत पाण्यात आणली. शोना मागे वळून म्हणाली, "बाजू कधी बदललीस ते मलाही कळलं नाही." मग लगेच, "खांदा बरा झालाय. सूप काढ."

बाबा, ईस्टरला तू मेंढ्यांकडे गेला होतास तेव्हा मी ती होडी सुलटी करून तिच्यात बादल्याच्या बादल्या पाणी ओतलं. चहा होईपर्यंत थांबले. खालची माती कोरडी होती. ती गळते असं तू का म्हणतोस ते तेव्हा मला कळलं नव्हतं. आता कळलंय. पुढच्या महिन्यात मी अनोळखी लोकांना नदीवर नेणार आहे, पण माझा पहिला प्रवासी तू असावास. शनिवारी येते. होडी मी आणि आई चढवू. तू वल्हं आणू नकोस, चहाचा थर्मास आण. या वेळी मागे मी, पुढे तू. पुढे बसलं की पाणी अंगावर उडतं हं. मला अनुभव आहे. येशील ना?

आता दोन्ही बाजूंनी तुझीच,
मॉरव्हेन