मागच्या अंगणातला बंब

१७ नोव्हेंबर, रविवार

अनुपमने बंब पाठवला! म्हणजे बंब नव्हे — पण टेंपोतून उतरवताना सौ. प्रमोदिनीने पाहिलं आणि म्हणाली, हा कसला बंब? तेच नाव पडलं. चार पायांवर आडवं काळं पिंप, एका बाजूला धुराडं, दुसऱ्या बाजूला पेटी. पेटीत लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या टाकायच्या, पेन्सिलीचे तुकडे करावेत तशा. प्लग लावायचा, आकडा ठरवायचा. मग बंब आपला आपण भाजतो आणि धुरीही देतो म्हणे.

चिरंजीवांनी हौसेने घेतला, ठाण्याच्या बाल्कनीत एकदाच लावला. वरच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीत तक्रार केली. मुलांना ठेवायला जागा नसते ते सगळं आईबापांकडे येतं.

"अप्पा, तुम्हाला मशीनची सवय आहे," म्हणाला. भिवपुरीच्या पॉवरहाऊसमध्ये चौतीस वर्षं काढली, हे खरं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, त्यात पेपर सोडून कशाला हात लावला नाही, हेही खरं.

१८ नोव्हेंबर

पुस्तिका वाचली. पहिल्यांदा रिकामाच तासभर तापवायचा, आतलं तेल जळून जाऊ द्यायचं. नव्या तव्याचं असतं तसंच. मागच्या अंगणात, जांभळाखाली लावला. पेटीतल्या गोळ्या एक स्क्रू हळूहळू पुढे ढकलतो, टोकाशी एक कांडी लाल होते, छोटा पंखा वारा घालतो. बस्स. कान लावून बसलो. घूंऽऽ असा आवाज, मध्येच गोळ्या पडल्याचा खडखडाट. डोंगरावरून नळातून पाणी उतरायचं तेव्हा आमची मशिनं असाच सूर धरायची. त्या सुराला मी कितीदा डुलकी घेतली, देवाला ठाऊक! साहेबांना नाही.

धूर आधी पांढरा, दाट. मग पातळ झाला, निळसर. जांभळावरून माथेरानच्या दिशेने गेला. चहा गार होईपर्यंत मी त्याच्याकडे बघत होतो.

मनात एक आलं. लिहून ठेवतो, कुणाला सांगणार नाही. प्रमोदिनीला वास येणं दोन वर्षांपूर्वीच्या तापात गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले होते, ओळखीचे उग्र वास रोज घ्या, कधी कधी परत येतो. लवंग झाली, लिंबू झालं, कापूर झाला. मग तिने बंद केलं. तिच्या वालाच्या बिरड्यासाठी लोक खोपोलीहून यायचे. आता स्वयंपाक करते ती आठवणीने करते, आणि बिरडं तर करतच नाही. "आंधळ्याने रांगोळी कशाला काढायची?" एवढंच म्हणाली होती.

पण धूर? धुराएवढा जुना, ओळखीचा वास कुठला?

२० नोव्हेंबर

पहिली कोंबडी. मीठ, मिरी, लिंबू. दोन तास. आत गुलाबी, बाहेर तांबूस, मला तर स्वर्ग! प्रमोदिनीने खाल्ली. कशी आहे विचारलं. "मऊ आहे. गरम आहे," म्हणाली. तिला आता एवढंच कळतं.

उद्या परत.

२४ नोव्हेंबर, रविवार

फजिती! अनुपमने दिलेली गोळ्यांची पिशवी संपली. नवी यायला आठ दिवस लागणार. आठ दिवस थांबतो कोण? कारखान्याच्या बॉयलरला असल्याच गोळ्या जाळतात, मी पाहिल्यात. एका ओळखीच्या ड्रायव्हरकडून खोपोलीहून पोतं आणवलं. दिसायला तश्शाच.

पेटवला आणि पंधरा मिनिटांत अंगण काळं! कडू, तेलकट, रबर जळावं तसा धूर. प्रमोदिनी आतून तरातरा आली, स्वयंपाकघराची खिडकी धाडकन लावून घेतली. डोळे चुरचुरतात म्हणाली. पाच मिनिटांनी दोरीवरचे कपडेही काढून नेले.

धूर बघून पलीकडून अबूबकर आला. त्याची लाकडाची वखार आहे, आम्ही शाळेपासूनचे. मूठभर गोळ्या घेतल्या, चोळल्या, नाकाशी नेल्या आणि माझ्याकडे बघितलं.

"अप्पा, ह्या बॉयलरच्या हाईत. ह्याच्यात काय काय कुटलंय ते करनाऱ्याला पन ठाव नाय. आनि तू ह्याच्यावर वहिनीला जेवू घालनार?"

मान खाली घालून ऐकून घेतलं. कोंबडी टाकून दिली. प्रमोदिनी तशीही म्हणत होती की आज तिला भूक नाही.

२ डिसेंबर

खऱ्या गोळ्या आल्या. दवाने भिजू नयेत म्हणून तांदळाच्या रिकाम्या डब्यात भरल्या. भिजल्या तर फुगून भुसा होतात आणि स्क्रू अडकतो. अबूबकरने वखारीतून आंब्याच्या लाकडाचा भुसा पाठवला, स्वच्छ, सोनेरी. एका छोट्या पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून त्यात तो भरून आत ठेवायचा, म्हणजे धुराला गोडी येते. ही अक्कल माझी!

८ डिसेंबर

आज बांगडे. आकडा एकशे दहावर ठेवला आणि तीन तास सोडून दिला. ह्या कामात करायचं काही नसतं, नुसतं असायचं. असं काम मला आयुष्यभर हवं होतं.

खुर्चीत डोळा लागला. स्वप्नात पॉवरहाऊस होतं, पण पाणी खालून वर चढत होतं, डोंगराकडे, अगदी सावकाश. आणि पाण्याला आंब्याचा वास येत होता. जाग आली तर शेजारी दुसरी खुर्ची. प्रमोदिनी येऊन बसली होती. कधी आली कळलंच नाही.

वाऱ्याने धूर नेमका तिच्या अंगावर येत होता. म्हटलं, इकडे सरक. "असू दे, मला कुठे कळतंय," म्हणाली आणि तिथेच बसून राहिली, डोळे मिटून.

मग बोलत बसलो. क्वार्टर्समधली ती पहिली खोली, शिफ्टचा भोंगा, अनुपम दोन वर्षांचा असताना टाकीत पडला होता ते. सात वर्षांत मिळून एवढं बोललो नसू. पेपर मध्ये असायचा. ऊन उतरलं, धूर उतरला, आम्ही आपले बसलेलो. बांगडे जरा सुकलेच.

९ डिसेंबर

दुपारी तिने स्वतःच दोन खुर्च्या बाहेर काढल्या.

२५ डिसेंबर

रोज काही ना काही लावतो. रताळी, कणसं, पनीर, एकदा तर नुसतं मीठ! रोज तिच्या पुढ्यात ताटली धरतो, रोज तिच्या तोंडाकडे बघतो. मऊ आहे. गरम आहे. आज "कडक आहे" म्हणाली.

जैतू आला होता. माथेरानच्या पायथ्याशी त्याचं शेत, भात काढलं की वाल पेरतो. शेंगा भरत आल्यात म्हणाला, संक्रांतीच्या आधी पोपटी होईल.

पोपटी! हे मला आधी कसं सुचलं नाही? भांबुर्ड्याचा रानपाला, वालाच्या शेंगा, ओवा, सगळं मडक्यात कोंबून जाळात भाजायचं. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत शेतावर हिला पोपटीला नेलं होतं. मडकं उघडल्यावर तोंड पुढे करून एवढा मोठा श्वास घेतला होता की सगळे हसले. तो वास ती विसरणं शक्य नाही. नाक विसरलं तरी ती विसरणार नाही.

बंबात पोपटी! ठरलं.

११ जानेवारी, शनिवार

अनुपम आणि सूनबाई रिया आलेत. बंबात मावेल असं सगळ्यात लहान मडकं कुंभाराकडून आणलं. रात्री झोप येणार नाही. साठी उलटून गेलेल्या माणसाने असं व्हावं?

१२ जानेवारी, रविवार

सगळं लिहितो.

जैतूने शेंगा आणि भांबुर्डा आणला. तळाशी पाला, मग शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये अंडी, मसाला लावलेली कोंबडी, परत शेंगा, तोंडाशी पाला गच्च कोंबला. मडकं उलटं करून बंबात ठेवलं. झाकण जेमतेम बसलं. आकडा शेवटपर्यंत चढवला. जैतूने बंबाभोवती एक फेरी मारली.

तासाभराने सगळे गोळा झाले. आता पोपटी झाली की नाही हे कसं बघतात? मडक्यावर पाणी मारतात. चर्र होऊन क्षणात सुकलं की झाली. लहानपणापासून हेच पाहिलं, हेच केलं. मी झाकण उघडलं, तांब्यातून ओंजळ भरली आणि मारली!

चर्र झालं. उरलेलं पाणी मडक्यावरून उडालं ते थेट आकड्यांच्या पट्टीवर. फट्! आकडे गेले, पंखा गेला, घरातला फ्रिजसुद्धा बंद. चौतीस वर्षं पाण्यावर वीज केली, आणि आज चालू मशीनवर मी, मी स्वतः, पाणी मारलं! अनुपमने कपाळाला हात लावला. रिया आधी हसली, मग माझ्याकडे बघून हसू आवरलं.

जैतूने तेवढा वेळ जाऊ दिला. मग म्हणाला, "अप्पा, पेंढा आनू का?"

मडकं फडक्याने उचलून अंगणात ठेवलं, भोवती पेंढा रचून पेटवला. पाऊण तासाचं काम बाकी होतं, ते जैतूने अर्ध्या तासात केलं. मडकं उघडायचं मात्र मी. काठीने पाला ओढला आणि वाफेचा तो लोट आला. ओवा, पाला, करपलेल्या शेंगा, माती! माझेच डोळे भरून आले. मडकं तसंच प्रमोदिनीपुढे नेलं. सगळे थांबले. तिने तोंड पुढे केलं, डोळे मिटले, बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

मग म्हणाली, "वाफ लागली."

बाकीच्यांनी पोपटी खाल्ली, उत्तम झाली म्हणाले. मी पाण्याचं निमित्त करून मागे गोठ्याच्या भिंतीपाशी गेलो आणि रडलो. चांगला रडलो. एवढी आशा धरायला नको होती.

१३ जानेवारी

मुलं गेली. बंबावर जुनी चादर टाकली. पेपर वाचला.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ दिला-घेतला. बंब कधी दुरुस्त करणार, असं प्रमोदिनीने तीनदा विचारलं. म्हटलं, कशाला आता. दुपारी पाहिलं तर मागे दोन खुर्च्या काढून ठेवलेल्या, आणि ती एकटीच बसलेली. मी गेलो नाही. जाऊन काय करायचं?

१६ जानेवारी

अबूबकरचा मुलगा आदिल पंखे-मिक्सर दुरुस्त करतो. प्रमोदिनीने परस्पर फोन करून त्याला बोलावलं. मला विचारलंसुद्धा नाही! तो बंब उघडून बसला, ही त्याच्या डोक्याशी उभी. फ्यूज उडाला होता आणि पट्टीत ओल होती, बाकी काही नाही. तासाभरात घूंऽऽ सुरू. आदिल म्हणाला, चाची, चाचाला आता पानी नको हां मारू देऊ. म्हणजे ही बातमी वखारीपर्यंत गेलीय.

१७ जानेवारी

तिच्या आग्रहाखातर बंब लावला. दोन रताळी, मन नव्हतं. ती आत स्वयंपाकघरात, माझी पाठ तिच्याकडे. आतूनच म्हणाली, "अहो, आज आंब्याचा भुसा टाकायला विसरलात."

विसरलोच होतो. डबा घेण्यासाठी हात पुढे केला आणि तिथेच थांबलो.

ती दारात आली. पदराला हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या बॉयलरच्या घाणीच्या दिवशीच आला. पहिला वास मेला तोच! सांगणार होते. पण तुम्ही दुसऱ्या दिवसापासून नव्या गोळ्यांची वाट बघत बाहेर बसलात. म्हटलं, सांगितलं की हे बंब झाकणार आणि पेपरात जाणार. रविवारी भिंतीमागे रडलात ते पाहिलं, तेव्हापासून घास उतरत नाहीये."

जवळजवळ दोन महिने! रागवायला हवं होतं. मला नुसतं हसू येत होतं आणि थांबत नव्हतं.

बिरडं मात्र करणार नाही म्हणाली. ते मी करायचं, ती खुर्चीत बसून वास घेणार. वाल भिजत घातलेत.