शुक्रवारी बारापर्यंत हरकत नसल्यास

१२ जानेवारी, रीगा
जूनपर्यंत युरोपच्या मंत्रिपरिषदेचं अध्यक्षपद आमच्या देशाकडे आहे. या सहा महिन्यांत सरकारला सल्ला द्यायला नागरी संस्थांचं एक मंडळ नेमलंय. घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांच्या संघटनेतर्फे त्यात मी. संकल्प: एकच वाक्य लावून धरायचं. 'घरी रुग्ण सांभाळणाऱ्याला वर्षातून सात दिवस सरकारने बदली माणूस द्यावा.' मंत्र्यांकडे जाणाऱ्या मसुद्यात एवढं गेलं की झालं.

संध्याकाळी समोरच्या इल्गाला सांगितलं. तिच्या आईला पक्षाघाताचा झटका आल्यापासून नऊ वर्षं ती कुठे गेलेली नाही. आईंची वाचा गेली आहे. तुमचं उदाहरण मंडळात देऊ का, असं मी त्यांनाही रीतसर विचारलं. काही बोलल्या नाहीत. म्हणजे हरकत नसावी. इल्गा म्हणाली, "दाराकडे बघायला लागली की तिला लघवीचं भांडं हवं असतं. आत्ता बघतेय. तू जरा बाहेर हो."

३ फेब्रुवारी
पहिली बैठक. भेट मिळालेल्या निळ्या पिशवीत पेन, बिल्ला, निळी छत्री. वाक्य सगळ्यांना आवडलं. फक्त 'द्यावा' फार थेट वाटतं, असं मंडळाच्या अध्यक्ष स्काइद्रीतेबाई म्हणाल्या. 'देण्याचा विचार व्हावा' झालं. विचार झाल्याशिवाय कोणी काही देत नाही, तेव्हा उलट पक्कंच झालं.

इल्गाने विचारलं, यंदा लीगोच्या सणाला, तेवीस जूनला, शेकोटीला जाता येईल का. ठामपणे हो म्हणालो.

१९ मार्च
ब्रसेल्सला जाऊन आलो. बोलायला दोन मिनिटं होती. दीड मिनिट आभारांत गेलं. आभार टाळणं मला जमत नाही. वाक्य आता 'या विषयाची दखल घ्यावी' असं आहे. दखल ही लहान गोष्ट नव्हे.

निळी छत्री इल्गाला दिली. "सल्लागारसाहेब, मी ही घेऊन जाऊ कुठे?" म्हणाली. थट्टा असावी.

२८ एप्रिल
वाक्य तळटीपेत गेलं. अभ्यासू लोक तळटीपा आवर्जून वाचतात. मी वाचतो.

पण बैठकीत मी गप्प का राहिलो? तसा गप्प नव्हतो. योग्य क्षणाची वाट बघत होतो. तेवढ्यात कॉफी आली.

२६ मे, मंगळवार
शेवटचा मसुदा मेलवर आला. तळटीप नाही.

पद्धत अशी: शुक्रवारी बारापर्यंत कोणी लेखी हरकत घेतली नाही, तर मसुदा एकमताने मंजूर. एका सभासदाची एक ओळ पुरते, सगळं थांबतं. म्हणजे आता सगळं माझ्या हातात आहे. लगेच ओळ लिहिली. कडक वाटली. स्काइद्रीतेबाईंनी चार महिने राबून मसुदा केलाय, त्यांना दुखवणारा मी कोण? उद्या जरा सौम्य करतो.

२९ मे, सकाळी ११.४०
हरकत चौथ्यांदा लिहिली. एका ओळीची दीड पानं झाली, पण आता कोणाला लागणार नाही. घाई नाही. ब्रसेल्सचं घड्याळ आपल्यापेक्षा तासभर मागे. त्यांचे बारा म्हणजे आपला एक. हे भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही.

१२.५०. पाठवली.

१२.५५. स्काइद्रीतेबाईंचा फोन. म्हणाल्या, "अहो ऐवार्स, अध्यक्षपद आपल्याकडे, मग घड्याळही आपलंच ना? बाराला मंजूर झालं. एकमताने. खाली तुमचंही नाव आहे, अभिनंदन." मी धन्यवाद म्हणालो. का म्हणालो?

१५ जून
आज इल्गाला सांगितलं. सतरा दिवस शब्द जुळवत होतो. ती बटाटे सोलत होती. "म्हणजे तू नको म्हणालाच नाहीस?" तिला पद्धत समजावली. घड्याळाचंही सांगितलं. ती सोलत राहिली. मग म्हणाली, "युरोप राहू दे. तेवीसला तीन तास आईजवळ बसशील?"

बसतो म्हणालो. संकल्प: त्या तीन तासांत मंडळाला खुलासा लिहून काढायचा. घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांची बाजू एकदा नीट मांडली गेली पाहिजे.

२३ जून
सहाला इल्गा ओकच्या पानांचा मुकुट घालून गेली. इतकी सरळ चालताना तिला मी पाहिलं नव्हतं. माझ्यासाठी शहाजिऱ्याचं चीज ठेवलं होतं. आईंना विचारलं, काही हवंय का. बोलल्या नाहीत. तासाभराने पुन्हा विचारलं. तेच. खुलासा सुरेख जमत होता. तीन पानं झाली.

नऊला इल्गा आली. केसांना धुराचा वास होता. गुणगुणत पांघरूण उचललं आणि थांबली. चादर भिजून गार झाली होती. विचारलं, "दाराकडे बघत होती का?"

बघत होत्या. बराच वेळ. मला वाटलं, लेकीची वाट बघतायत. मी म्हणालो, दोनदा विचारलं मी, त्या काही बोलल्या नाहीत.

इल्गाने मुकुट काढून खुर्चीवर ठेवला. बाह्या वर केल्या.

"तिला बोलता येत नाही, ऐवार्स," म्हणाली. "तुला येतं."

२४ जून
सुट्टी. समोरच्या बाल्कनीत चादर वाळतेय. माफी मागायला जायचंय. काय म्हणायचं ते लिहून घेतलंय, पण सुरुवात जरा कडक वाटतेय. उद्या बघतो.