न वाचता पुसलेली हाक

४ एप्रिल
गाबेसच्या एका दवाखान्यातून फोन. पेशंटवर नजर ठेवणारं आमचं मशीन उशाशी होतं आणि माणूस गेला — भोंगा वाजलाच नाही! शाळेत सुतारकाम शिकवणारे मास्तर. ऑपरेशन साधं हर्नियाचं. रक्तातला प्राणवायू घसरत गेला, पडद्यावर आकडाही दिसत होता म्हणे, पण बघायला खोलीत कुणी नव्हतं. भोंगा असतो तो त्यासाठीच ना?

रिधा, आमचा मालक, पांढराफटक पडला होता. "आम्ना, हातातलं सगळं सोड. ड्रायव्हर बघ."

ड्रायव्हर, म्हणजे मशीनच्या सेन्सरशी बोलणारा प्रोग्रॅम, सी हेदींनी लिहिलेला. मला हे काम हाताला धरून शिकवलं ते त्यांनीच, म्हणून नावाआधी मानाचं 'सी'. जानेवारीत त्यांची बायको, आमच्या मनूबिया मावशी, गेल्या आणि त्यांनी ऑफिसात यायचंच सोडलं. त्यांना विचारू का, म्हटलं, तर रिधा ओरडला, "मुळीच नाही! बायकोच्या दुःखातून बाहेर येऊ दे म्हाताऱ्याला. गाबेसचं नावसुद्धा काढायचं नाही त्यांच्यापुढे."

५ एप्रिल
काही नाही. दिवसभर भोंगा वाजवून पाहिला — दर वेळी वाजतो मेला! रोजा, त्यात हा आवाज. डोकं फुटायची वेळ आली.

८ एप्रिल
सापडलं.

एक ओळ. एकच!

सेन्सरची चिप प्रोसेसरला हाक मारते — इंटरप्ट — आणि कशासाठी मारली त्याची खूण ठेवते. प्रोसेसर हातातलं काम टाकून धावतो. ड्रायव्हर बघतो, कसली हाक? नाडीचा ठोका? प्राणवायू? जी खूण दिसेल ती वाचायची, मग पुसायची. पण ज्या वाचल्या तेवढ्याच पुसायला हव्यात. सी हेदींनी सगळ्याच पुसल्यात, एका फटक्यात. म्हणजे ठोक्याची खूण वाचली आणि पुसायच्या आत, त्या एवढ्याशा फटीत, प्राणवायूची आली, तर ती न वाचताच गेली. आणि धोक्याची हाक ही चिप एकदाच मारते, आकडा खाली घसरताना. पुन्हा नाही.

दोन्ही खुणा मुद्दाम त्या फटीत आणल्या. भोंगा गप्प. पुन्हा आणल्या. गप्प. मला आनंद झाला! लाज वाटते लिहायला, पण झाला.

मग एकदम आठवलं. मनूबिया मावशीही शेवटच्या रात्री आमच्याच मशीनवर होत्या. सी हेदींनीच हट्ट धरला होता — "माझी बायको माझ्याच मशीनच्या राखणीत झोपेल."

९ एप्रिल
रिधाला दाखवलं. तो म्हणाला, "दुरुस्त करून पाठव, कारण लिहू नकोस." मी म्हटलं, मग मीच एकेक दवाखान्याला फोन लावते.  तेव्हा त्याने स्वतःच फोन उचलला — "आमच्या भोंग्यावर विसंबू नका. खोलीत माणूस बसवा." दुपारभर हेच. घसा बसला त्याचा.

शेवटी म्हणाला, "आणि हेदी?"



१३ एप्रिल
सी हेदींचा फोन. "पोरी, ईदला येशील ना? कांदा-मनुकांचा शरमूला यंदा मी करणार आहे."

येते म्हटलं. आणखी काय म्हणणार?

२१ एप्रिल, ईद
गेले. शरमूला केला होता — कांदा करपलेला, मनुका टम्म फुगलेल्या, खारवलेला मासा मात्र झकास. "तिच्या हाताची चव काही आली नाही," म्हणाले. मी दोनदा वाढून घेतला.

शेजारच्या खदूजाबाई आल्या. मावशींचा विषय निघालाच. "काय मरण आलं हो! झोपेतल्या झोपेत. भोंगासुद्धा वाजला नाही, इतकी शांत गेली."

सी हेदी उठून कॉफी करायला गेले. बराच वेळ आलेच नाहीत. मी आत गेले तर कॉफी उतू गेलेली, आणि ते नुसते उभे.

"मी पुसते," म्हटलं.

"राहू दे, पोरी."

तोंडाशी आलं होतं. तसंच घेऊन घरी आले.

२६ एप्रिल
सी हेदींना सांगण्यावरून रिधाशी भांडण. "सांगून काय मिळणार तुला? बायको परत येणार आहे? माणूस मरेल तो!" 

खरंही असेल. पण उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं तर? आपल्या हातून झालं होतं आणि सगळे आपल्यापासून लपवत होते, असं? मला नसतं चाललं.

२९ एप्रिल
उद्या जाणार. वाक्यं जुळवून बघतेय. एकही धड नाही.

३० एप्रिल
सांगितलं. पुरतं बोलूही दिलं नाही त्यांनी. "सगळ्याच खुणा पुसतोय मी, हेच ना? ठाऊक आहे. तिचा चाळिसावा दिवस झाला त्याच आठवड्यात सापडलं मला."

फेब्रुवारीत!

"मग बोलला का नाहीत, सी हेदी?"

"बोललो असतो तर तिला मी मारलं असं झालं असतं. गप्प होतो तोवर अल्लाने नेलं होतं."

"आणि गाबेसचे मास्तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कोण मास्तर?"