टॉवेल वाळायला किती दिवस?

२ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. वयाप्रमाणे देते आहे; अकलेप्रमाणे द्यायचे तर पाकीट रिकामं पाठवावं लागलं असतं.

तुझं पत्र आणि सोबतची तीन लॉजची माहितीपत्रकं मिळाली. ऑगस्टमध्ये सगळ्यांनी पाच दिवस वर्षावनात राहायचं, आणि तेही भर पावसाळ्यात, कारण म्हणे जंगल तेव्हाच खरं जंगल असतं. हे वाक्य तुझं नाही, पहिल्या माहितीपत्रकाच्या तिसऱ्या पानावरचं आहे. सोफे विकून विकून तुला छापील मजकूर आणि स्वतःचं मत यांतला फरकच कळेनासा झालाय.

पहिल्या लॉजमध्ये काचेच्या बंद खोल्या आहेत. पावसात काचेला आतून वाफ धरते, म्हणजे आपण पैसे भरून वाफ बघत बसायचं. दुसऱ्यात पोहायचा तलाव. वरून आभाळ फुकट भिजवत असताना तलाव कशाला हवा, ते तूच जाणे. तिसऱ्याने पलंगावरच्या पांढऱ्याशुभ्र चादरीचा फोटो छापलाय. एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाई विभागात काढली मी. पावसाळी जंगलात अशी चादर चार दिवसांत कुबट होते. तो फोटो उन्हाळ्यातला आहे, लिहून घे.

मी तिघांनाही एकच प्रश्न लिहून पाठवलाय. तुमच्याकडे पावसाळ्यात ओला टॉवेल वाळायला किती दिवस लागतात? एका चौथ्या जागेलाही पाठवलाय. तिथं आमची जुनी मेट्रन राहून आली होती.

राहता राहिले बाबा. ते येणार नाहीत असं धरून चाल. गेल्या वर्षी समुद्रावरच्या हॉटेलात त्यांना लांबलचक टेबलाच्या टोकाला बसवलं आणि चार दिवस कोणी त्यांच्याकडे मान वळवली नाही. ऐकू येत नाही म्हणजे माणूस संपला असं नसतं. त्या टेबलाला मीही होते, म्हणून जास्त लिहीत नाही. फोनही करत नाही. तू फोन कानाला लावलास की त्यांना वाटतं आपण त्यांच्याबद्दलच बोलतोय, आणि आपण खरंच त्यांच्याबद्दलच बोलत असतो.

कळावे. लोभ आहेच, तो सोफ्यासारखा खपवू नकोस.
ताई

११ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. त्यातली विनंती मी दरवेळी लिहितो आणि तू दरवेळी वगळून वाचतेस.

टॉवेल! अगं, लोक लॉजला विचारतात जेवण काय, बघायला काय, वाघ दिसतो का. तू टॉवेल विचारतेस. त्यांच्या कार्यालयात तुझं पत्र भिंतीवर लावून हसत असतील. तुला जग म्हणजे धुण्याचा गठ्ठा वाटतं, आणि आम्ही सगळे त्यातले डागाळलेले.

काचेची खोली मी उगाच निवडलेली नाही. बाहेरचा आवाज आत येत नाही असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. तेवढी शांतता असली तर आपलं बोलणं बाबांच्या कानापर्यंत पोहोचेल, एवढाच माझा हिशेब. तुला लांबून काय कळणार? तीन महिने झाले, बाबा जेवायला टेबलावर येत नाहीत. ताट उचलून खोलीत नेतात. तुझी भावजय रोज त्यांची खुर्ची ओढून ठेवते आणि रोज परत आत सरकवते. यंदा ते आले नाहीत तर पुन्हा कधीच आपल्यात बसणार नाहीत, असं मला वाटतं. मला भीती वाटते, ताई.

तेव्हा टॉवेल राहू दे. कृपा करून नाक खुपसू नकोस, ही लोभाची दुसरी विनंती.
धाकटा

२४ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, या खेपेला थोडे जास्त. खुर्चीचं वाचून जीव कासावीस झाला.

पण कासावीस झाला म्हणून अक्कल गहाण ठेवता येत नाही. उत्तरं आली. काचवाल्यांनी लिहिलंय की आमचे कर्मचारी सदैव हसतमुख असतात. हसून टॉवेल वाळत असता तर मला एकतीस वर्षं यंत्रं लागली नसती. तलाववाल्यांनी सवलत देऊ केली. चादरवाल्यांनी तेच माहितीपत्रक पुन्हा पाठवलं.

चौथ्या जागेच्या मालकिणीने पोस्टकार्डावर चार ओळी खरडल्यात. तशाच उतरवते. "टॉवेल वाळत नाही. रोज दोन देतो, चुलीपाशी शेकवून. छप्पर पत्र्याचं आहे, पाऊस लागला की शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नाही. तक्रारी करायच्या असतील तर येऊ नका." इतकं खरं बोलणारं माणूस मला नोकरीत दोनदाच भेटलं, आणि त्यातलं एक नंतर काढून टाकलं. मी खोल्या ठरवून टाकल्यात.

लोभ ठेव, राग ठेवलास तरी चालेल.
ताई

१ जुलै

ती. ताईस,
नमस्कार. शिरसाष्टांग वगैरे या वेळी जमणार नाही.

तुझं डोकं फिरलंय का? पत्र्याच्या कारखान्यात पस्तीस वर्षं ठोकाठोकी ऐकून ज्यांचे कान गेले, त्यांना तू विश्रांतीसाठी पत्र्याखाली नेतेस? तिथं तर धडधाकट माणसालाही ऐकू येत नाही असं ती बाई स्वतःच लिहिते. बाबा पाच दिवस भिंतीकडे तोंड करून बसतील आणि तू शेकलेले टॉवेल मोजशील. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

मी काचवाल्यांना होकार कळवतोय. लोभाचं पुढे बघू.
धाकटा

६ जुलै

चि. मोठी व चि. धाकटा यांस,
अ. उ. आ.

धाकट्याच्या खणात बॅटरी शोधताना मोठीची पत्रं आणि धाकट्याच्या उत्तरांचे कच्चे खर्डे, सगळं सापडलं. ऐकू येत नाही, वाचता येतं. दोघांची अक्षरं मात्र पूर्वीपेक्षा बिघडली आहेत.

काचेच्या खोलीत मी येणार नाही. शांततेत मला ऐकू येतं हा शोध कोणाचा? शांततेत एवढंच होतं, की मला ऐकू आलं नाही हे सगळ्यांना ऐकू जातं. मग प्रत्येकजण तेच वाक्य तिसऱ्यांदा मोठ्याने म्हणतो आणि चौथ्यांदा म्हणतो, जाऊ द्या बाबा, काही विशेष नव्हतं. ते ऐकण्यापेक्षा खोलीत जेवलेलं बरं.

पत्र्याखाली येतो. तिथं तुम्हाला कसं ऐकू येत नाही, ते बघायला. कारखान्यात आम्ही दोनशे माणसं दिवसभर हातांनी बोलायचो, भांडणंसुद्धा हातांनीच. तुमच्या आईला ते हातवारे घरात चालत नसत, म्हणून तुम्ही अडाणी राहिलात.

लोभ आहे. तो कळावा म्हणून ओरडायची गरज नाही.
बाबा

१९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि., आणि यातलं एकही अक्षर या वेळी उपकार म्हणून नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तू न्हाणीघरात ओल्या टॉवेलवरून घसरलीस आणि पाय प्लास्टरमध्ये गेला, यावर मी काही लिहिणार नाही. तुझी भावजय मात्र अजून हसते आहे.

जागा पोस्टकार्डावरून वाटली तशीच भिकार. भिंतीला ओल, दाराला कडी नाही, मालकीण तुझ्याहून तुसडी. पहिल्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो आणि पाऊस कोसळला. ताई, कानात कोणी खडी ओतावी तसा आवाज. मी मीठ मागितलं, बायकोने पाणी दिलं. आमची पोर, चिमणी, ओरडून रडकुंडीला आली. मी तर चमचा आपटला.

बाबा शांतपणे जेवत होते. मग त्यांनी माझ्या खांद्यावर टिचकी मारली, चिमटीने ताटावर काहीतरी भुरभुरवल्यासारखं केलं आणि मीठ पुढे सरकवलं. असा तुच्छ चेहरा मी त्यांचा शाळेच्या निकालांनंतर पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते टेबलाच्या मध्यावर बसले, कारण सगळ्यांना त्यांचे हात दिसायला हवे होते. पाणी, पुरे, उद्या, मूर्ख. मूर्ख मला सर्वात आधी आलं, कारण ते माझ्यासाठीच वापरलं जात होतं. कारखान्यात नावांच्याही खुणा असत. त्यांनी आम्हा सगळ्यांना एकेक दिली. तुलाही दिली आहे. चिमणीने त्यांना एक विनोद सांगितला, हातांनी, आणि बाबा इतके हसले की ठसका लागला.

चौथ्या दिवशी जेवणाच्या मध्येच पाऊस थांबला. एकदम सगळं ऐकू यायला लागलं, वाटीचा आवाजसुद्धा. आणि कोणी तोंड उघडलं नाही. आम्ही हातांनीच बोलत जेवण संपवलं.

घरी आल्यापासून बाबा टेबलावर जेवतात. तुझं बरोबर होतं. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

लोभ आहे तसा राहो.
धाकटा

२५ ऑगस्ट

ती. बाबांस,
कृ. सा. न. वि. वि.

धाकट्याचं पत्र चार वेळा वाचलं. माझं बरोबर होतं हे त्याला आयुष्यात प्रथमच दिसलं, पण खरं सांगते, बाबा, मी टॉवेलापलीकडे काही पाहिलं नव्हतं. पत्र्याचं मला सुचलंच नाही. मीही त्या समुद्रावरच्या टेबलाला बसून शेजारणीशी साबणाबद्दल बोलत होते.

मला कोणती खूण दिलीत, ते तेवढं लिहून कळवावं. इथं आरशासमोर करून बघेन.

लोभाला मी पात्र नाही, तरी तो असावा.
मोठी

३० ऑगस्ट

चि. मोठीस,
अ. उ. आ.

खुणा लिहून शिकता येत नाहीत. एवढं तुला कळायला हवं होतं.

तुझी खूण या घरात सगळ्यांना येते, तिकडे जंगलातल्या मालकिणीलाही येते. दोन्ही मुठी जवळ धरून पिळतात, ही नुसती सुरुवात. जेवताना रोज दोन-तीनदा होते. तुझ्या भावजयीने काल एक खुर्ची जास्तीची ओढून ठेवली आणि तीच खूण केली.

प्लास्टर निघालं की ये.
बाबा